आईचं घर रिडेव्हलपमेंटला चाललंय, पाच माळ्यांवरचं सामान कुठे काढू?

माळ्यावरची_मांजर:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर आईची बिल्डिंग (कर्वेनगर, १९८६ची) रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि अडीच महिन्यांत घर रिकामं करून द्यायचंय. बिल्डर भाडं देणार, नवीन घर तीन वर्षांनी म्हणतायत म्हणजे चार धरा, तोवर आई माझ्या शेजारच्या सोसायटीत वन बीएचकेमध्ये राहील. तिथे माळा हा प्रकारच नाहीये. इथे पाच आहेत. स्वयंपाकघरावर, बाथरूमवर, संडासावर, पॅसेजमध्ये आणि बेडरूमच्या दारावर एक जो आम्ही पंधरा वर्षांत उघडलेला नव्हता.

आता उघडला. नुसतं सांगते काय निघालं ते. तांब्याचा बंब, घंगाळ, सतरा पितळी पातेली (मोजली), त्यातल्या एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं असं करत शेवटी सगळ्यात आत श्रीखंडाचे रिकामे डबे. मोठमोठे स्टीलचे डबे, प्रत्येकावर कोणीतरी कोणाला कधी दिला ते ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. चार गाद्या. माझ्या लग्नातल्या रुखवताचा थर्माकोलचा बंगला (!!). १९७९ पासूनचे दिवाळी अंक, दोन ट्रंका. व्हीसीआर, मोठ्या ढेरीचा टीव्ही, त्या टीव्हीचा खोका, आणि त्या टीव्हीच्या आधीच्या टीव्हीचा पण खोका. बाबांची हत्यारं, बॉर्नव्हिटाच्या डब्यांत साइझप्रमाणे लावलेले स्क्रू, आणि त्यांच्या हिशेबाच्या वह्या, दर वर्षाची एक, एकूण ४१.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. आई ७६ची आहे, खुटखुटीत आहे, भांडत नाही रडत नाही. ती फक्त म्हणते, "असू दे, एकीकडे ठेव." तीन रविवार आवरतोय आणि तीन रविवारांत जे काही झालंय ते सगळं "एकीकडे" झालंय. एकीकडे आता डबल बेडएवढं झालंय.

मागच्या रविवारी मी मोडके डबे आणि फाटक्या पिशव्या एका गोणीत भरून गुपचूप खाली ठेवून आले. संध्याकाळी वॉचमन वर घेऊन आला, आईने फोन करून मागवली. मला एक शब्द बोलली नाही, डबे धुवून परत लावले.

भाऊ बाहेर आहे, तो म्हणतो सगळं विकून टाका, सोपं आहे बोलायला. प्लीज कोणीतरी यातून गेलेलं असेल तर सांगा. पितळेचं काय करायचं, दिवाळी अंक कोण घेतं, आणि मुख्य म्हणजे आईशी काय बोलायचं.

खडूस_काका६२:

आईला आठ दिवस तुमच्याकडे आणा. भंगारवाल्याला बोलवा. विषय संपला. मी आमच्या वडिलांच्या वेळी हेच केलं, नंतर त्यांनी एकाही वस्तूची आठवण काढली नाही.

निवृत्त_कॅशियर:

काकांचा सल्ला कृपा करून ऐकू नका, निदान कागदांच्या बाबतीत तरी. बँकेत ३४ वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी प्रत्येक फाईल, प्रत्येक जाड पुस्तकाची पानं आणि हो, साड्यांच्या घडीत घातलेले कागदसुद्धा बघा. त्या पिढीची माणसं एफडीची पावती पोथीत ठेवायची.

कागदी शेअर सर्टिफिकेट निघालं तर फेकू नका. २०१९च्या एप्रिलपासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत हे खरं, पण वारसाच्या नावावर करून मग डीमॅट करता येतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात गेलेले असतात, तिथूनही परत मागता येतात, वेळखाऊ आहे पण मिळतात. जुनी पासबुकं सापडली तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम म्हणून पोर्टल आहे २०२३ पासूनचं, त्यावर वडिलांच्या नावाने शोधा. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेकडे जमा होतात, बुडत नाहीत, वारसाला क्लेम करता येतो.

आणि घराचा मूळ करार, स्टॅम्प ड्युटीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे आत्ताच वेगळं काढून तुमच्या कपाटात ठेवा. रिडेव्हलपमेंटमध्ये हेच लागणार आहे आणि आवराआवरीत नेमकं हेच हरवतं.

पितळखोरे:

(नाव बघून लेणी समजू नका, मला खरंच पितळेचं वेड आहे)

ताई, तीन ढीग करा. पितळ, तांबं, कासं. भंगारवाला तिन्ही एका काट्यावर टाकतो आणि पितळेचा भाव लावतो, तिथेच आपण फसतो. तांबं रंगावरून कळतं, बंब तांब्याचा आहे म्हणजे तो वेगळा. काशाला वाजवून बघा, टण्ण करून आवाज लांबत जातो, पितळ लगेच गप्प बसतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यामुळे कासं महाग. आईकडे पायाला तूप चोळायची काशाची वाटी नक्की असणार, ती तर विकूच नका, आता नवीन घ्यायला गेलात तर कळेल.

मागच्या वर्षी आमच्याकडे दारावरच्या भंगारवाल्याने पितळेला ३५० रुपये किलो सांगितले, तेच पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात मोडीत ४५० ला गेलं, फक्त उचलून न्यावं लागलं. मोड देताना मातीचे लेप, लोखंडी कड्या काढून वजन करतात ते बरोबरच आहे, पण काटा आपल्याकडे वळवून घ्या.

सगळी विकू नका पण. दोन पातेली कल्हई करून वापरायला घ्या. कल्हईवाला आता शोधावा लागतो, आमच्या इथे वर्षातून एकदा येतो, भाता, नवसागर, तो पांढरा धूर, माझी मुलं तोंड उघडं टाकून बघत बसतात.

बाबांची हत्यारं जुन्या बाजारात जातात, बुधवारी आणि रविवारी भरतो. पण तिथे घासाघीस करायची हिंमत हवी, मी पाना विकायला गेलो होतो आणि दोन पाने विकत घेऊन आलो.

अजून एक, "जुन्या जरीच्या साड्या द्या" म्हणत दारावर येतात त्यांना घाईत साडी देऊ नका. जुन्या शालूची जर खरी चांदीची असू शकते. आमच्या आजीचा शालू ५०० रुपयांना गेला, आणि तो माणूस जिना उतरताना चक्क गुणगुणत होता.

तुळशीवृंदावन:

मी वयाने तुझ्या आईच्या आसपासचीच, ७३, म्हणून अगं तुगं करते, राग मानू नकोस. टायपिंगला वेळ लागतो, चुका समजून घे.

तू लिहिलंस सतरा पातेली मोजली. मी पण मोजते कधीकधी, पण माझं मोजणं वेगळं. एक भिशीच्या पैशातलं, जे मी घरात न सांगता घेतलं होतं आणि चार महिने शेजारणीकडे ठेवलं होतं. एक सासूबाईंनी स्वतःच्या हाताने दिलं, बाकी त्यांनी कधी काही दिलं नाही. एक मोठं मुंजीला घेतलं, कारण भाड्याने आणायची लाज वाटायची. आमच्या वेळी बायकांच्या नावावर घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं, सोनं असलं तरी ते अडीनडीला गहाण जायचं. भांडी तेवढी आपली. नाव घालून घ्यायचो ते हौस म्हणून नाही, आपलं आहे हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

मागच्या वर्षी आम्ही पण घर बदललं. मुलगा रोज विचारायचा, आई हे टाकू का? मी नाही म्हणायचे. खरं सांगते, न बघताच नाही म्हणायचे. मग सुनेने एक दिवस परात हातात घेऊन विचारलं, आई, ही कोणाला देऊ या? आणि माझ्या तोंडून पटकन तीन नावं निघाली. भाचीची मुलगी, जिने घरून डबे द्यायला सुरुवात केलीय. आमच्या पोळ्यांच्या बाई. तिसरं नाव गावच्या देवळाचं, तिथे उत्सवाला भांडी कमी पडतात. दुपारभर फोन लावत बसले होते मी. एवढं बोलणं वर्षात झालं नव्हतं माझं कोणाशी.

तेव्हा टाकू का विचारू नकोस. आणि गोणी गुपचूप खाली ठेवलीस ते चुकलंच तुझं. ती बोलली नाही, पण आता तू काही न्यायला लागलीस की ती आधी पिशवीत काय आहे बघणार.

गाद्या मात्र टाक बाई. कापूस पिंजायला आता कोणी येत नाही आणि त्यात झुरळं होतात.

एडिसनकर:

तुमच्या भावाच्या बाजूने बोलायला आलो होतो पण वरची पोस्ट वाचून जरा गप्प झालो.

मी पण तोच "विकून टाका" वाला भाऊ आहे. न्यू जर्सीतून फोनवर ऑर्डरी सोडायचो. गेल्या डिसेंबरमध्ये सांगलीला गेलो आणि बहिणीने मला एका खोलीत नेऊन उभं केलं, म्हणाली हा आईचा पसारा. बघतो तर काय, माझी इंजिनिअरिंगची पुस्तकं, जीआरईचे शब्दांचे कागद, क्रिकेटचं किट, कॅसेटचे दोन खोके, माझ्या पहिल्या कॉम्प्युटरचा की-बोर्ड. आई एवढी वर्षं ते सगळं पावसाळ्यात उन्हात (जेव्हा पडेल तेव्हा) घालत होती, कारण १९९९ मध्ये जाताना मी म्हणालो होतो "राहू दे, पुढच्या वेळी आलो की बघतो". मी विसरलो, ती नाही विसरली. "टाक गं आई ते" हे मी स्वतः तिला कधी म्हटलंच नव्हतं.

तर भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि त्याची एकेक वस्तू दाखवून त्याच्याच तोंडून आईला सांगायला लावा. वेळ त्याची असो नसो, उठू दे पहाटे. माझा की-बोर्ड मी घेऊन आलोय, ऑफिसमध्ये ठेवलाय, लोकांना वाटतं व्हिंटेज म्हणून मुद्दाम घेतलाय.

रद्दीतला_राजा:

दिवाळी अंकांबद्दल, मन घट्ट करून वाचा. वाचनालयं घेत नाहीत. त्यांच्याकडेच जागा नाही, मी पुण्यात चार ठिकाणी विचारून झालंय. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण मराठी लोक दर वर्षी एवढे अंक छापतोय, सगळेच जपायचे म्हटलं तर माणसांनी कुठे राहायचं. पण सरसकट रद्दीत पण घालू नका (माझ्याकडचे १४ रुपये किलोने गेले, अजून दुखतं). गाजलेल्या लेखकांचे, चांगल्या मुखपृष्ठांचे, आणि १९८५च्या आधीचे वेगळे काढा, जुन्या पुस्तकांची विक्री करणारे त्यातले निवडून घेतात, संग्राहक पण असतात. बाकीच्यांमधले आईला आवडणारे दहा-बारा ठेवायचे, बस.

जुन्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद किंवा खूप जुनं हस्तलिखित निघालं तर मात्र भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा, सदाशिव पेठेत. आणि पोस्टकार्डं, तारा, रेडिओच्या लायसनचं पुस्तक वगैरे निघालं तर ठेवा एका डब्यात, तारा तर २०१३ ला बंदच झाल्या, नातवंडांना खोटं वाटतं. बाबांचं एचएमटीचं घड्याळ असेल तर भंगारात नको, त्या घड्याळांचे कारखाने बंद झाल्यापासून हौशी लोक शोधत असतात.

टीव्ही, व्हीसीआर, ट्यूबा, बॅटऱ्या ओल्या-सुक्यात टाकू नका, तो ई-कचरा. पुण्यात 'स्वच्छ'वाले (कचरावेचकांची सहकारी संस्था, रोज दारात कचरा घ्यायला येतात त्याच) जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा यांची वेगळी कलेक्शन ठेवतात, तुमच्याकडे येणाऱ्या ताईंनाच विचारा. पूर्णम म्हणून संस्था आहे ती पण ई-कचरा घेते. कॉम्प्युटर असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आधी.

खडूस_काका६२:

वर सगळ्यांनी मला झोडपलंय म्हणून एवढंच लिहितो. वडिलांनी एकाही वस्तूची आठवण काढली नाही हे खरंच आहे. पण त्यानंतर ते माझ्या घरी कपाट उघडायच्या आधी "उघडू का?" विचारायचे. स्वतःचं कपाट. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. चालू द्या.

चिंचेची_पानं:

काका 🙏

माझा एक साइड प्रश्न, देवाच्या जुन्या तसबिरी, पोथ्या, दर वर्षीच्या कॅलेंडरांवरचे गणपती यांचं काय करता? आमच्याकडे तो खोका तीन घरं फिरलाय. पिंपळाखाली ठेवायला जीव होत नाही, तिथे काय हाल होतात रोज बघते.

तुळशीवृंदावन:

काच आणि चौकट वेगळी करायची, चौकट दुसऱ्या फोटोला होते. नमस्कार करायचा, अक्षता टाकायच्या, कागद घरीच बादलीत भिजत घालायचा आणि लगदा झाडाच्या बुडाशी, चकचकीत प्लॅस्टिकचा थर असेल तर तो सोलून काढायचा. आमच्या गुरुजींनीच सांगितलं. नदीत नको.

माळ्यावरची_मांजर:

पाच आठवड्यांनी येतेय, सॉरी, मध्ये वेळच नाही मिळाला.

सगळ्यांचे आभार, आणि तुळशीवृंदावन काकू तुम्हाला तर काय सांगू. मी त्या रविवारी गेले, आधी गोणीबद्दल सॉरी म्हटलं. आई म्हणाली "बरं". मग सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि विचारलं आई हे कोणाला देऊ या. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाली "वही आण". बाबांच्या कोऱ्या राहिलेल्या वहीत तिने दोन कॉलम आखले, वस्तू आणि नाव. त्या दिवशी २३ नावं झाली. त्यातल्या सहा जणांना मी ओळखत पण नाही. एक होती आमच्या जुन्या वाड्यातली तिची मैत्रीण, जिच्याशी १९९४ पासून बोलणं नव्हतं, का ते विचारलं तर म्हणाली "आता काय आठवतंय", म्हणजे आठवतंय. घंगाळ तिला दिलं. ती रिक्षा करून स्वतः आली न्यायला, दोघी अडीच तास बसल्या आणि मला चहा करायला लावून दार लावून घेतलं.

सगळं असं गोड गोड नाही झालेलं, उगाच वाटायला नको. दोन नातेवाइकांनी "आमच्याकडेच जागा नाही" म्हणून फोन ठेवला, त्यानंतर आईने दोन दिवस वही उघडली नाही. श्रीखंडाच्या डब्यांवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, अकरा ठेवलेत, तह झालाय. आणि मी एका दुपारी नव्हते तर आईने कपड्यांचं मोठं गाठोडं बोहारणीला दिलं, मी खूश झाले, मग बघते तर त्याच्या बदल्यात नवीकोरी स्टीलची बादली आणि एक टोप घेतलेला!! म्हणते "चांगला सौदा होता". वस्तू आणि नाव वहीत त्या बादलीपुढे तिने स्वतःचं नाव लिहिलंय.

मऊ सुती साड्यांच्या दोन गोधड्या शिवायला टाकल्यात, एक मला एक भावाला. भावाने पहाटे साडेचारला उठून दीड तास कॉल केला, स्वतःचं सगळं टाकायला सांगितलं आणि मग कॅरम बोर्ड दिसल्यावर म्हणाला तो नको. आता कॅरम माझ्या घरी आहे. अर्थात.

कॅशियर साहेब, बेडरूमच्या माळ्यावरच्या एका पोथीत खरंच पावती निघाली, फार मोठी रक्कम नाहीये पण निघाली, तुम्हाला साष्टांग. क्लेमचा फॉर्म भरतेय.

बाबांच्या वह्या राहिल्यात. त्या आईने कोणाच्याच नावापुढे लिहिल्या नाहीत आणि "एकीकडे" पण म्हणाली नाही. मी १९९१ची उघडली. दूध, पेपर, पोस्टाची आरडी, मग "मनीचा रेनकोट ६५, स्वतःची चप्पल पुढील महिन्यात". पुढच्या महिन्यात चप्पल नाहीये. त्याच्या पुढच्याही नाहीये. मी सप्टेंबरपर्यंत बघितलं आणि वही मिटली. सगळ्या ४१ माझ्याकडे आणल्यात, आमच्या घरात एकच माळा आहे, मावतायत.

आता एकच अडलंय. पाटा-वरवंटा. काळा दगड, पंधरा-वीस किलोचा तरी असेल, टाकी लावून (छिन्नीने परत खाचा पाडून) घेतली की अजून चालेल. वहीत त्याच्यापुढचा कॉलम रिकामाच आहे, आईला एकही नाव सुचेना. इथे कोणाला हवाय का? फुकट. न्यायला दोन माणसं लागतील, लिफ्ट नाही, दुसरा मजला.

पितळखोरे:

मी! मी कोथरूडलाच आहे. शनिवारी सकाळी दहाला येऊ का? मेव्हण्याला घेऊन येतो, त्याला अजून सांगितलेलं नाही.

माळ्यावरची_मांजर:

या या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते पत्ता. आई विचारतेय तुमच्याकडे चटणी कोण वाटणार, आणि नाव काय लिहू.